सिम्युलेशन चालतंय, मग समीकरण कशाला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कराड, सातारा भागातली प्रोजेक्ट करणारी मुलं-मुली, त्यांचे काही शिक्षक आणि साखर कारखान्यांतले एक-दोन इंजिनिअर कॉम्प्युटर सिम्युलेशन आणि गणिती समीकरणं यांबद्दलचे हे प्रश्न फिरून फिरून पाठवतात. दर वेळी वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा एकत्र केलेले बरे. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. एजंट-बेस्ड सिम्युलेशन म्हणजे नेमकं काय? ते गणिती मॉडेलपेक्षा वेगळं कसं?

साखर कारखान्याचं केन यार्ड (आलेला ऊस गाळपाआधी जिथे उभा राहतो ती जागा) डोळ्यांसमोर आणा. गणिती मॉडेल विचारतं: ताशी इतका ऊस येतो, ताशी इतका गाळला जातो, तर यार्डात किती तुंबेल? गाडी कुणाची, टोळी कुठली, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. एजंट-बेस्ड सिम्युलेशनमध्ये प्रत्येक बैलगाडी, प्रत्येक ट्रॅक्टर, प्रत्येक ऊसतोड टोळी कॉम्प्युटरमध्ये वेगवेगळी असते (हेच एजंट) आणि प्रत्येकाला आपापले नियम असतात. चिटबॉयने (कारखान्याच्या शेतावरच्या माणसाने) चिठ्ठी दिली की तोड सुरू, गाडी भरली की निघायचं, वजनकाट्यावर रांग दिसली की थांबायचं. मग सगळ्यांना मोकळं सोडायचं आणि यार्डात काय होतं ते बघायचं.

याला कॉम्प्युटर लागतोच असंही नाही. थॉमस शेलिंग यांनी वस्त्या वेगळ्या कशा पडतात याचं १९७१ साली छापलेलं मॉडेल सुरुवातीला पटावर नाणी सरकवून तपासलं होतं. ‘माझ्या शेजाऱ्यांत निदान थोडे तरी माझ्यासारखे असावेत’ एवढीच प्रत्येकाची माफक इच्छा, आणि तरीही पटावर दोन रंगांची गावं वेगळी होतात. शेलिंग यांना २००५ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

२. प्रोग्रॅम चालतोय, आलेख सुंदर येतायत. मग समीकरणं कशाला मांडायची?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. शाळेत गुणाकार झाला की ताळा करायचो, आठवतो? समीकरण हा सिम्युलेशनचा ताळा आहे. पण त्याचं काम तेवढ्यावर संपत नाही.

सिम्युलेशन तुम्हाला ‘या आकड्यांना असं झालं’ एवढंच सांगतं. ‘या रेषेच्या खाली असं कधीच होणार नाही’ हे त्याच्या तोंडून निघत नाही, तुम्ही ते हजार वेळा चालवलं तरी. ती रेषा बीजगणित दाखवतं. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादला डासात मलेरियाचे जंतू शोधले हे सगळ्यांना पाठ असतं. पण पुढे त्यांनी समीकरणं मांडून दाखवलं, की मलेरिया हटवायला शेवटचा डास मारायची गरज नाही. माणसांच्या तुलनेत डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली की रोग आपोआप विझतो. लोकांना हे पटायला जड गेलं, कारण ‘डास आहेत म्हणजे मलेरिया असणारच’ हीच समजूत होती. मर्यादेची ही कल्पना आलेखांच्या ढिगातून हाती लागली असती का? मला शंका आहे.

३. मग समीकरणंच पुरेशी आहेत की! शेकडो ओळींचा कोड कशाला?

समीकरण सुटसुटीत होतं कारण ते सगळ्यांना एका चाळणीतून काढतं: प्रत्येक जण प्रत्येकाला सारखाच भेटतो, सगळे सरासरी माणसासारखे वागतात. गणपती पेठेतल्या दुकानदाराला दिवसभरात शेकडो माणसं भेटतात आणि आटपाडीच्या मेंढपाळाला मोजकी. साथीच्या मॉडेलमध्ये हा फरक महत्त्वाचा असेल तर सरासरी माणूस उपयोगाचा नाही. २०२० साली भारतीय विज्ञान संस्था आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्या गटाने बेंगळुरू आणि मुंबईसाठी शहरभराचं एजंट-बेस्ड सिम्युलेटर बांधलं. त्यात माणसांना घर, शाळा, कामाची जागा आणि मुंबईत लोकलसुद्धा होती. ‘लोकल सुरू केली तर काय’ असं विचारायचं तर लोकल मॉडेलमध्ये असावी लागते.

४. प्रोग्रॅम म्हणजे पण गणितच ना? मग हा भेद खोटा नाही का?

तत्त्वतः बरोबर आहे. कोडची प्रत्येक ओळ काटेकोर नियमच असते, आणि सुरुवातीची स्थिती व रँडम सीड (यदृच्छ आकडे जिथून सुरू होतात तो आकडा) दिले की निकाल ठरलेला असतो. फरक आवाक्याचा. एक रन, म्हणजे प्रोग्रॅम एकदा चालवणं, हा एका उदाहरणाचा पुरावा. प्रमेय सगळ्या उदाहरणांना एकदम कवेत घेतं. ‘हे नियम असले तर असं होऊ शकतं’ हे रन सिद्ध करतो. ‘असं होतंच’ किंवा ‘दुसऱ्या कारणाने होत नाही’ हे तो सिद्ध करत नाही. प्रोजेक्ट रिपोर्टात ही दोन वाक्यं सर्रास एकमेकांत मिसळलेली दिसतात.

५. कोड बरोबर आहे की नाही हे कसं कळणार?

इथे माझीच फजिती सांगतो. एका कारखान्याच्या यार्डाचं सिम्युलेशन केलं होतं. गाळप दिवसाला ४,८०० टन, यार्डात सरासरी १,२०० टन ऊस उभा, आणि प्रोग्रॅम सांगत होता की ऊस सरासरी ४ तास थांबतो. आकडा सगळ्यांना आवडला. मला तर फारच.

रांगेच्या शास्त्रात एक नियम आहे, जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला: रांगेतला सरासरी साठा म्हणजे येण्याचा वेग गुणिले सरासरी थांबा. गाड्या कशाही येवोत, नंबर कुठल्याही क्रमाने लागोत, यार्ड दीर्घकाळ स्थिर चालत असेल तर हा नियम मोडत नाही. स्थिर यार्डात जेवढं गाळप तेवढाच ऊस येतो, तेव्हा १,२०० भागिले ४,८०० म्हणजे पाव दिवस, म्हणजे ६ तास. माझे २ तास गेले कुठे? शोधल्यावर सापडलं की रात्री बाराला दिवस पालटला की माझ्या कोडमध्ये गाडीच्या थांब्याचं घड्याळ शून्यावर येत होतं. रात्रभर बैलांशेजारी शेकोटी करून बसलेला गाडीवान माझ्या हिशेबी नुकताच आलेला होता.

आलेख बघून ही चूक कधीच दिसली नसती. म्हणून तुमच्या मॉडेलमध्ये असे न मोडणारे नियम शोधा: माणसांची एकूण संख्या कायम राहते का, आलेला माल आणि गेलेला माल यांचा मेळ बसतो का. दुसरी युक्ती म्हणजे गुंतागुंत बंद करून बघणे. गाड्या निव्वळ यदृच्छेने येतात, काट्यावरचा वेळही तसाच, काटा एकच असं केलं, की पुस्तकी सूत्र लागू होतं: काटा ९० टक्के वेळ व्यग्र असेल तर काट्यापाशी सरासरी ९ गाड्या, ९५ टक्के असेल तर १९. तुमच्या प्रोग्रॅमने तशा परिस्थितीत ९ आणि १९ च्या आसपास आकडे दिले नाहीत तर पुढे जाऊ नका. (९० वरून ९५ होताना रांग दुपटीहून जास्त का वाढते हे कारखान्यात समजावताना तासभर जातो. सूत्र हाताशी असल्यामुळे तो तासातच संपतो.)

६. किती रन घ्यायचे? आणि सगळ्यांची सरासरी काढली की झालं ना?

सरासरी काढण्याआधी रन कसे पसरलेत ते बघा. ५,००० वस्तीचं गाव, एक रोगी, आणि सुरुवातीला प्रत्येक रोगी सरासरी दोघांना रोग देतो. १९२७ सालच्या केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांच्या समीकरणांनुसार साथ पसरली तर शेवटी सुमारे ८० टक्के लोकांना रोग होऊन जातो, म्हणजे ४,००० जणांना. आता तेच गाव एजंटांनी बांधा आणि रोज बरं होण्याची शक्यता सारखीच ठेवा. १०० रनपैकी साधारण अर्ध्यांत साथ दोन-चार जणांत, फार तर काही डझनांत विझते. उरलेल्या अर्ध्यांत ४,००० च्या आसपास पोचते. सरासरी काढलीत तर २,००० येईल, आणि एकाही रनमध्ये २,००० झालेलं नसेल! ग्रामपंचायतीला ‘२,००० रुग्णांची तयारी ठेवा’ असा सल्ला दिलात तर तो दोन्ही बाजूंनी चुकेल.

यात एक गंमत आहे. बरं होण्याची शक्यता रोज सारखी धरण्याऐवजी ‘आजार बरोब्बर १० दिवस’ असं ठरवलं आणि दोघांना रोग देण्याची सरासरी तीच ठेवली, तर साथ विझण्याची शक्यता ५० वरून २० टक्क्यांवर येते. पसरली तर मात्र ८० टक्केच. २० आणि ८० मिळून १०० होतात हा योगायोग नाही. दोन्ही आकडे एकाच समीकरणातून निघतात. ‘आजार किती दिवस’ ही कोडमधली किरकोळ ओळ वाटते, आणि तिच्यावर निम्मा निकाल फिरतो.

७. समीकरणाचं उत्तर आणि सिम्युलेशनचं उत्तर जुळत नाही. चूक कुणाची?

कदाचित कुणाचीच नाही, पण आधी प्रश्न ५ मधल्या तपासण्या करा. त्या पार पडल्या तर एजंटांची संख्या दहापट करून बघा. फरक घटला तर तो लहान संख्येचा खेळ होता. एजंट वाढले आणि सगळे सगळ्यांत मिसळत असले की सिम्युलेशन समीकरणाकडे सरकतं, हे गणितात सिद्ध झालेलं आहे. फरक तसाच राहिला तर शेजार, ओळखी, जाळं यांचा परिणाम आहे, आणि तुम्हाला सांगण्यासारखं काहीतरी सापडलं आहे. विद्यार्थी नेमका हाच फरक ‘एरर’ म्हणून परिशिष्टात ढकलतात.

८. एजंट कोणत्या क्रमाने हलवायचे याने काही बिघडतं का?

बिघडतं. १९९२ साली नोवाक आणि मे यांनी दाखवलं की चौकटींच्या पटावरच्या एका खेळात सहकार्य करणारे आणि फसवणारे शेजारी शेजारी टिकून राहतात, आणि पटावर रांगोळीसारख्या सुंदर नक्ष्या उमटतात. पुढच्याच वर्षी ह्युबरमन आणि ग्लान्स यांनी तोच खेळ घेतला, फक्त सगळ्यांनी एकाच क्षणी निर्णय घेण्याऐवजी एकेकाने घ्यायचा असं केलं. त्यांनी घेतलेल्या उदाहरणात सहकार्य नाहीसं झालं, पट फसवणाऱ्यांनी भरला. आपल्याकडे एका शिट्टीवर सगळे शेतकरी निर्णय घेत नाहीत, तेव्हा कोडमध्ये तसं असेल तर कारण लिहा. दोन्ही क्रमांनी चालवून बघितल्याशिवाय निष्कर्ष छापू नका.

९. सांगलीच्या पुराचं मॉडेल एजंट-बेस्ड करता येईल का?

दर पावसाळ्यात हा प्रश्न येतो. पाण्याचं करू नका. नदीतल्या पाण्याची समीकरणं सँ-व्हेनाँ यांनी १८७१ सालीच मांडून ठेवली आहेत, आणि पाण्याला मन नसल्यामुळे ती चांगली चालतात. आयर्विन पुलापाशी ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. पाणी कधी तिथे पोचेल हा वरच्या पावसाचा, धरणांतल्या विसर्गाचा आणि या समीकरणांचा विषय.

माणसांचं मात्र जरूर करा. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या गल्लीत बरेच जण ‘२००५ ला पायरीपर्यंत आलं होतं, यंदा फार तर तेवढंच’ म्हणत बसून राहिले होते. कोण कधी घर सोडतं हे पाण्याइतकंच शेजाऱ्याकडे बघून ठरतं.

इथे समीकरण काय देतं बघा. मार्क ग्रॅनोव्हेटर यांची १९७८ सालची कल्पना आपल्या गल्लीला लावू. १०० घरं आहेत. पहिलं घर कुणाची वाट न बघता निघतं. दुसरं एक घर रिकामं झालेलं दिसलं की, तिसरं दोन झालेली दिसली की, असं करत शंभरावं ९९ घरं गेल्यावर. सगळी गल्ली रिकामी होते. आता फक्त दुसऱ्या घराचा हट्ट थोडा वाढवा: त्यांना एक नाही, दोन घरं गेलेली दिसायला हवीत. पहिलं घर जातं आणि साखळी तिथेच तुटते. ९९ घरं पाण्यात. दोन्ही गल्ल्यांची सरासरी काढा, सर्व्हे करा, फरक सापडणार नाही.

हे कागदावर समजलं की सिम्युलेशनकडे काय मागायचं ते कळतं: गावभागातल्या बोळांतून कुणाला कुणाचं घर दिसतं, गोठ्यात म्हैस असलेलं घर कधी निघतं, बोट येणार म्हणून किती जण थांबतात. आणि एकच एक आकडा न सांगता निकाल किती नाजूक आहे ते सांगायचं.

१०. पण माणसं लहरी असतात. हळदीच्या सौद्यातला व्यापारी समीकरणात कसा बसणार?

नेहमी त्याला बसवावंच लागतं असं नाही. गोडे आणि श्याम सुंदर यांनी १९९३ साली बुद्धी शून्य असलेले व्यापारी प्रोग्रॅममध्ये लिहिले. ते वाटेल ती बोली लावत. तोट्यात जाणारी बोली लावायची नाही एवढीच अट. लिलावाच्या नियमांत बसवल्यावर त्यांनीही जवळजवळ सगळा शक्य फायदा पदरात पाडला. म्हणजे बाजार नीट चालण्याचं बरंचसं श्रेय व्यापाऱ्याच्या डोक्याला नसून सौद्याच्या पद्धतीला जातं. अर्थात हे सगळ्या बाजारांना लागू नाही. हळद साठवून भाव चढायची वाट बघता येते. त्यांच्या प्रयोगात साठवणूक नव्हती. मार्केट यार्डातल्या अडत्यांपुढे मी हे एकदा बोललो होतो, ‘शून्य बुद्धी’ हा शब्द मात्र गिळला.

११. माझ्या मॉडेलचा आलेख खऱ्या आकड्यांवर तंतोतंत बसला. आता तरी बरोबर ना?

नाही. केरमॅक आणि मॅकेंड्रिक (प्रश्न ६) यांनी आपली वक्ररेषा कशावर बसवून दाखवली होती माहीत आहे? मुंबईच्या प्लेगच्या मृत्यूंवर, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातल्या. ती इतकी छान बसते की आजही पुस्तकांत छापतात. पण त्यांचं समीकरण माणसाकडून माणसाला होणाऱ्या रोगाचं, आणि तो प्लेग उंदीर आणि पिसवांमार्फत येणारा. उंदीर हिशेबात धरलेले नाहीत याची त्यांनाही कल्पना होती. चढून उतरणारी एक टेकडी असेल तर तिच्यावर अनेक तऱ्हेची मॉडेलं बसतात.

एजंट-बेस्ड मॉडेलमध्ये हा धोका जास्त, कारण फिरवायला वीस-वीस पॅरामीटर (आपण ठरवायचे आकडे) असतात. जुन्या आकड्यांचा काही भाग झाकून ठेवा आणि मॉडेलला तो ओळखायला लावा. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक पॅरामीटर थोडा हलवून बघा. एखादा कितीही हलवला तरी निकाल तोच येत असेल, तर तो काढून टाका.

१२. दोन्ही पद्धती हातात हात घालून चालल्या असं एखादं चांगलं उदाहरण?

माझं सर्वांत आवडतं बालीचं. तिथे डोंगरउतारावर भाताची खाचरं, आणि पाणी वाटणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्था, त्यांना सुबक म्हणतात. कुणी कधी लावणी करायची हे पाण्याच्या देवळांत ठरायचं. १९७० च्या दशकात हरितक्रांतीत ‘जमेल तितक्या वेळा पीक घ्या’ असं सांगितलं गेलं. ताळमेळ गेला, पाण्याची ओढाताण झाली, कीड माजली.

स्टीफन लान्सिंग आणि जेम्स क्रेमर यांनी १९९३ साली दोन नद्यांवरच्या १७२ सुबकांचं सिम्युलेशन प्रसिद्ध केलं. नियम साधा: आजूबाजूला ज्याचं पीक जास्त आलं त्याचं वेळापत्रक उचलायचं. काही वर्षांतच सुबकांचे गट पडले, आणि ते गट खऱ्या देवळांच्या जाळ्याशी बरेच जुळले. वरून कुणी नियोजन न करता हे घडलं, इथवर सिम्युलेशनचं काम.

पण का घडलं? वरच्या शेतकऱ्याने खालच्याची पर्वा का करावी? याचं उत्तर २००५ साली लान्सिंग आणि जॉन मिलर यांनी दोन खेळाडूंच्या छोट्या खेळातून दिलं. दोघांनी एकाच वेळी लावणी केली तर खालच्याला पाणी कमी पडतं, वरच्याचं काही जात नाही. वेगवेगळ्या वेळी केली तर पाणी पुरतं, पण किडीला कायम हिरवं रान मिळतं आणि नुकसान दोघांचंही होतं. म्हणजे किडीचं नुकसान पाणीटंचाईच्या नुकसानापेक्षा मोठं असेल तर एकत्र लावणी दोघांच्याही फायद्याची. कीड वाढली की सहकार्य वाढतं! चार चौकटींच्या कोष्टकात मावणारी गोष्ट. १७२ सुबकांच्या पसाऱ्यात ती कुणाच्या ध्यानात आली नसती. आणि पसारा नसता तर हे कोष्टक मांडायचं कुणाला सुचलं असतं?

‘मग टेंभू-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांच्या पाण्याच्या पाळ्यांना हेच लावू का?’ असं लगेच विचारलं जातं. नका लावू. आपल्याकडे वरच्याला खालच्याशी बांधून ठेवणारी ती कीड नाही. कालव्याच्या तोंडाशी ऊस असलेल्याला टेलच्या जत तालुक्यातल्या शेतकऱ्यामुळे काहीही झळ बसत नाही. कोष्टकात तो रकानाच रिकामा आहे, त्यामुळे शेजाऱ्याची नक्कल करणारे एजंट इथे आपोआप शहाणे होणार नाहीत. त्या रिकाम्या रकान्यात काय भरता येईल (पाणीपट्टी, पाळी चुकवल्याचा दंड, आणखी काही) हा खरा प्रोजेक्टचा विषय आहे.

१३. गणित कच्चं आहे. नुसतं सिम्युलेशन केलं तर चालेल?

सुरुवात करायला चालेल. नेटलोगो मोफत आहे, पायथन येत असेल तर मेसा आहे. सोबत आलेली तयार मॉडेलं आधी मोडून-जोडून बघा. त्यात शुगरस्केपही सापडेल, एपस्टाइन आणि ॲक्स्टेल यांचं १९९६ सालचं. आपल्या साखरपट्ट्यात नाव ऐकूनच ते घरचं वाटतं, पण त्यात एजंट नुसती साखर गोळा करत फिरतात, ना एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) ना काटामारी. गणित किती लागतं म्हणाल तर बारावीची संभाव्यता आणि अगदी प्राथमिक डिफरन्शियल इक्वेशन. समीकरण सोडवता नाही आलं तरी मांडता आलं पाहिजे.

१४. आधी काय करायचं, समीकरण की कोड?

आधी कागदावर दोन एजंटांचा हिशेब. मग सगळे सारखे धरून एक समीकरण. मग कोड, आणि त्यात एका वेळी एकच गुंतागुंत. घाई असलेले लोक उलट क्रमाने जातात आणि प्रश्न ७ घेऊन परत येतात.

१५. एजंटांच्या जागी आता एआय चॅटबॉट बसवले तर? ते माणसासारखे बोलतात.

बोलतात, पण त्यांचा नियम तुम्हाला लिहून दाखवता येत नाही, म्हणजे प्रश्न ५ मधली गुंतागुंत बंद करून सूत्राशी ताडून बघायची तपासणी लावता येत नाही. आकर्षक दिसेल. परीक्षकाने ‘एजंटाने असं का केलं?’ विचारलं तर काय सांगाल ते आधी ठरवा.

१६. प्रत्येक सिम्युलेशनमागे एखादं सोपं समीकरण लपलेलं असतंच का?

नसतं, आणि हेही गणितानेच सिद्ध केलं आहे. जॉन कॉनवे यांचा १९७० सालचा ‘गेम ऑफ लाइफ’ घ्या. चौकटींचा पट, त्यातलं प्रत्येक घर जिवंत किंवा रिकामं. जिवंत घराला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असले तर ते जगतं, रिकाम्या घराला बरोब्बर तीन असले तर तिथे नवा जीव येतो, बाकी सगळे मरतात. एवढेच नियम, त्यात यदृच्छा नावालाही नाही. तरीही कुठलीही सुरुवातीची नक्षी दिली की ती शेवटी मरेल की नाही हे सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, कारण या पटावर आख्खा कॉम्प्युटर बांधता येतो. अशा ठिकाणी चालवून बघण्याला पर्याय नाही. मात्र तुमचं मॉडेल त्या जातीचं आहे असं परस्पर ठरवू नका. यार्डातल्या रांगेबद्दल मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं, आणि तिथे साधा भागाकार पुरला.